एक पातं मोडून बघा

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आणि आमच्या घरात फ्रीजमध्ये किती अंडी उरलीत हेसुद्धा दोघांना तोंडपाठ असतं, म्हणजे बघा. बहिणीला सांगितलं नाही, मैत्रिणींना नाही, देवापुढेही हा विषय मी काढलेला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर माझ्या सुरीमुळे ओळखत असाल. असू दे. सुरी चांगली आहे. सुरीबद्दल मला काहीएक कबूल करायचं नाहीये.

आणि एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही, आणि "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं" असलंही विचारणार नाही. तुम्ही माझ्या जागी नव्हता. मी होते.

मी सुऱ्या बनवते. पाथर्डी फाट्याच्या आत माझी पत्र्याची शेड आहे. त्याआधी सोळा वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीला होते. म्हणजे हातात मायक्रोमीटर घ्यायचा आणि पुरुषांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. त्यांना ते मुळीच आवडत नसे. मला फार आवडायचं. "आली बघा फौजदारीण," असं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायचे. म्हणू देत. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, आणि हे मी कुणालाही छातीठोक सांगू शकते. त्या एका खेपेपर्यंत सांगू शकत होते.

आता सुरीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पातं कापलं, घासलं, त्याला आकार दिला, तरी ते मऊच असतं. चार दिवस कांदा कापेल आणि बसेल. त्याला भट्टीत तापवून, तेलात विझवून, मग पुन्हा मंद शेकून कडक करावं लागतं. गावाकडचा लोहार याला पाणी देणं म्हणतो, एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट म्हणतात. हे काम मी स्वतः करत नाही. बाहेरून करून घेते. प्रदर्शनात हे सांगितलं की काही लोकांची तोंडं लहान होतात — मग हातानं बनवलेली कशी म्हणता? अहो, तुम्ही घरी लोणचं घालता तेव्हा मोहरी शेतात जाऊन पेरता का? ज्याची भट्टी त्यानं सांभाळावी. हजार अंशाच्या वर पोलाद नेमकं किती आणि किती वेळ धरायचं, हे मला घरच्या भट्टीवर जमणार नाही आणि जमल्याचा आवही मी आणणार नाही. तर कबुली ही नव्हे. ही सरळ शहाणपणाची गोष्ट आहे.

हे काम कुणाला द्यायचं हे मात्र मी मुलगी द्यावी तसं ठरवलं. तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी मला एसीत बसवून भिंतीवरची सर्टिफिकेटं दाखवली आणि म्हणाले, मॅडम, टेक्निकल बोलायला सरांना पाठवा. कोणते सर? मीच सर. दुसऱ्या ठिकाणी जाळीच्या टोपलीत दातेरी चाकं, बोल्ट आणि कुणाची तरी कात्र्यांची पाती एकत्र टाकून भट्टीत सोडत होते, पावभाजीच्या भाज्या टाकाव्यात तशी. तिथून मी चहा न पिताच निघाले. तिसरं ठिकाण सिन्नरच्या एमआयडीसीत होतं. लहानसं. मालक चाळिशीचा, मवाळ बोलणारा. तो मला थेट भट्टीवर घेऊन गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, यांचं काय आहे ते तुम्हीच ऐका.

ते निवृत्तीभाऊ. पन्नाशीचा माणूस, सिन्नरच्याच जवळच्या खेड्यातला. भुवया जवळजवळ नाहीतच, अठरा-वीस वर्षं भट्टीसमोर, पोलाद बुडवून तापवायच्या वितळलेल्या मिठासमोर, उभं राहून गेलेल्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. नमुन्याचं पातं हातात घेतलं, एक डोळा मिटून त्याच्या पाठीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "पोलाद कोणतं, ताई?" मी सांगितलं. म्हणाले, हे पोलाद मला ठाव हाय. मग पात्याच्या मागच्या शेपटीवर, म्हणजे जी पुढे मुठीत जाते तिच्यावर, बोट ठेवून म्हणाले की इथं एक भोक पाडून आणा, तारेनं टोक खाली करून टांगीन. आडवं निजवलं की पातं वाकतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं. काम यांनाच.

माझा एक नियम होता, तो मी त्यांना त्याच दिवशी सांगितला. प्रत्येक खेपेला एक पातं जास्तीचं पाठवायचं, आणि परत आलं की ते व्हाइसमध्ये धरून मोडायचं. मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा दिसतो. मैद्यासारखा बारीक, गुळगुळीत दिसला तर काम नीट झालं. रव्यासारखा खरबरीत दिसला तर पोलाद भाजून निघालंय, वरून कितीही कडक लागो. कडकपणाचं मशीन हे सांगत नाही. मोडल्याशिवाय कळतच नाही. निवृत्तीभाऊ हे ऐकून खूश झाले. म्हणाले, लय गिऱ्हाईक बघितलं, पर सोताचं पातं मोडून बगनारी तुमी पहिलीच.

काय अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या तेव्हा!

पुढची तीन वर्षं माझी पाती त्यांच्याच हाताखालून गेली. आणि प्रत्येक खेपेच्या खोक्यात, जुन्या चलनाच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाच्या, पाठीवर बॉलपेननं लिहिलेली त्यांची एक चिठ्ठी असायची. हे त्यांचं काम नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं. तेलातून काढल्यावर पातं कोमट असतं तेवढ्या वेळात ते हातानं सरळ करायचे, आणि कुठल्या पात्यानं किती त्रास दिला ते मला कळवायचे. तीन नंबर रुसलं हुतं, समजावलं. अकरा नंबर लय हट्टी, दोनदा सरळ केलं, लक्ष ठेवा. एकदा लिहिलं होतं, समदी शहाणी निघाली, तुमच्यावर गेल्यात. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात ठेवायची. का ठेवायची? आवडायच्या म्हणून. कारखान्यात सोळा वर्षांत माझ्या कामाशी असं कुणी बोललं नव्हतं.

आता त्या चुकीबद्दल. चूकसुद्धा सांगायला लाज वाटावी इतकी साधी आहे.

पोलादाच्या पट्ट्या बाजारातून येतात तेव्हा त्यांच्या एका टोकाला रंग मारलेला असतो. दिसायला सगळ्या पट्ट्या सारख्याच, करड्या. रंगावरूनच ओळखायचं की ही कुठली आणि ती कुठली. म्हणून रंगाचं टोक कधी कापायचं नाही, नेहमी उलट्या बाजूनं कापत यायचं, म्हणजे उरलेल्या तुकड्याला शेवटपर्यंत नाव राहतं. हे टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः कितीतरी जणांना यावरून फाडून खाल्लंय. माझ्याकडे दोन पोलादं असायची. पिवळ्या रंगाचं नेहमीचं, सुरीचं. आणि निळ्या रंगाचं, बेअरिंगचं, ते थोडंसं, दुसऱ्या कामाला. निळ्याला निवृत्तीभाऊंच्या त्या भट्टीपेक्षा कितीतरी कमी आच लागते. पिवळ्याच्या आचेवर धरलं तर ते भाजून निघतं.

दिवाळीच्या आधीची घाई होती. गंगापूर धरणाच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, त्यांच्या किचनसाठी चाळीस सुऱ्यांची ऑर्डर मिळाली होती. इतकी मोठी पहिलीच. मी रंगाच्या टोकानं कापत सुटले. दोन्ही पट्ट्या. का? मशीनला ती बाजू जवळ पडत होती म्हणून. एवढंच. बिनरंगाचे दोन लांब तुकडे एकावर एक उरले, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यातला चुकीचा उचलला. एक्केचाळीस पाती त्याच तुकड्याची झाली. प्रत्येक पोलादाची ठिणगी वेगळी, तेव्हा घासताना ठिणग्या वेगळ्या उडाल्या असणार, नव्हे उडाल्याच. डोळे पात्याच्या रेषेवर होते, ठिणगीवर नव्हते. चलनावर मी माझ्या सुंदर अक्षरात नेहमीच्या पोलादाचं नाव लिहिलं आणि खोकं सिन्नरला दिलं. भट्टीवाला चलन बघून आच ठरवतो. त्यानं दुसरं काय बघायचं?

तुम्ही म्हणाल, बरं, झाली चूक. कुणाच्या हातून होत नाही? मीही तेच म्हणते. ही कबुली नव्हेच.

खोकं परत आलं तेव्हा एक पातं माझ्याच हातून घासायच्या मशीनवर वाया गेलं. उरली चाळीस. ऑर्डर चाळीसची. मोडून बघायला एकही जास्त नाही. आणि खोक्यात नेहमीप्रमाणे चिठ्ठी होती.

मी ती वाचली. हे लक्षात ठेवा. मुठी बसवायच्या आधी वाचली, उभ्यानं, हातात चहा होता. त्यात लिहिलं होतं — "ताई, हार्डनेस बगायला शेपटी घासली तर ठिणगी फुटते. आपल्या नेहमीच्या मालाची फुटत नाय. समदी तेलातून काढल्यावर ध्यानात आलं. तुमी लिहिलं तेच केलं. पर एक पातं मोडून बगा."

एवढं स्पष्ट. याहून स्पष्ट माणूस काय लिहिणार?

आणि मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. सोळा वर्षं तपासणीत काढलेल्या बाईला हा भट्टीवरचा माणूस शिकवणार पोलाद कुठलं ते? मी कडकपणा तपासला. साठ आला. जितका हवा तितका. बघा, म्हटलं स्वतःशी, आहे की बरोबर. मशीन हे सांगत नाही हे मीच लोकांना सांगत होते, पण त्या दिवशी मला मशीनचं ऐकायचं होतं. चिठ्ठी खणात टाकली, मुठी बसवल्या, धार लावली, चाळीस सुऱ्या देऊन आले.

नऊ दिवसांनी रिसॉर्टच्या मुख्य आचाऱ्याचा फोन आला. डांगर भोपळा कापताना सुरी मधून मोडली होती आणि तुकडा त्यांच्या एका माणसाच्या तळहातात गेला होता. चार टाके पडले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. सगळ्या सुऱ्या घेऊन जा म्हणाले, आणि हे कसं झालं ते सांगा.

सुऱ्या शेडमध्ये आणल्या, एक व्हाइसमध्ये धरली आणि मोडली. फार जोर लावावाच लागला नाही, खारी मोडावी तशी मोडली. आत दाणा रव्यासारखा. मग रॅकवरचा तो उरलेला बिनरंगाचा तुकडा घेतला आणि घासायच्या फिरत्या दगडावर लावला. फुलबाजीसारखी ठिणगी फुटली. पाव तासात मला सगळं कळलं. कुणी सांगायला नको, लॅब नको. मी तपासणीतली बाई.

आचाऱ्यांना फोन लावला आणि सांगितलं, हार्डनिंगवाल्यांकडून गडबड झाली.

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं परत घ्यायला मला कुणी अडवलं होतं का? दोन मिनिटांनी फोन करता आला असता. दुसऱ्या दिवशी करता आला असता. मी केला तो सिन्नरला, मालकाला. आणि तेच वाक्य त्यालाही सांगितलं, या खेपेला जरा वरच्या पट्टीत.

मालक दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. निवृत्तीभाऊंना बरोबर घेऊन आला. त्यांना मी पहिल्यांदाच भट्टीपासून लांब बघत होते, धुतलेला शर्ट घालून आले होते. मी खुर्च्या दिल्या, ते बसले नाहीत. मी टेबलामागे बसले होते. खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

मालक फार नीट बोलला. म्हणाला, मॅडम, आमच्या भट्टीची नोंद आहे, त्या दिवशी आच तुमच्या चलनाप्रमाणेच दिसतेय, पण यंत्र आहे, बिघडूही शकतं, मी नाकारत नाही. मग विचारलं, "चलनावर लिहिलं होतं तेच पोलाद होतं ना?"

मी म्हणाले, "हो."

हे एक. पण एवढ्यावर संपलं नाही. तो म्हणाला, मोडलेला तुकडा द्या, लॅबला पाठवतो, दोन दिवसांत कळेल, म्हणजे कुणावर अन्याय नको. अगदी योग्य बोलला. मीही तेच म्हटलं असतं. आणि मी काय केलं? उभी राहिले. टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? माझ्या जागी एखादा पुरुष असता तर मागितला असता त्याच्याकडे तुकडा? बाईला पोलाद कळत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?

बिचारा लाल झाला. नाही नाही मॅडम, तसं मुळीच नाही, म्हणत राहिला. तुकड्याचा विषय तिथेच मिटला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना? त्या माझ्या. आणि हे बघा, बाईला पोलाद कळत नाही असं मला शंभर वेळा ऐकवलं गेलंय. तोंडावर, पाठीमागे, एसीत बसवून. शंभर वेळा माझी तक्रार खरी होती. त्या दुपारी ती खोटी होती, आणि मी ती नेमकी त्या माणसांवर वापरली ज्यांनी मला एकदाही तसं वागवलं नव्हतं. चूक कबूल केली असती तर सगळी एमआयडीसी म्हणाली असती, बाईमाणूस, होणारच. हे खरं आहे. आजही म्हणतील. पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते सांगतेय.

या सगळ्यात निवृत्तीभाऊ माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. वाट बघत होते. कशाची वाट बघतायत हे मला कळावं तसं त्यांनी एकदा खणाकडे पाहिलं — किंवा मला तसं वाटलं, चोराच्या मनात चांदणं. चिठ्ठीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मालक त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, निवृत्तीभाऊ, तुम्ही काय म्हणता?

ते म्हणाले, "ताई म्हंत्यात म्हंजी तेच असंल."

ही ती कबुली. चूक नव्हे, घाई नव्हे, तो "हो"सुद्धा नव्हे. माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर त्यांची चिठ्ठी होती. त्यांच्या अक्षरात. ती टेबलावर ठेवली असती तर तो माणूस सुटला असता. मला उठावंही लागणार नव्हतं. हात खाली न्यायचा, खण ओढायचा, बस. मी हात टेबलावरच ठेवला.

दोन आठवड्यांनी मालकाचा फोन आला. चांगली बातमी द्यावी तसा म्हणाला, मॅडम, भट्टीवरचा माणूस बदललाय, आता तुम्हाला तक्रारीला जागा राहणार नाही. निवृत्तीभाऊंना पॅकिंगला बसवलंय. मी म्हटलं, ठीक आहे. बावीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला खोकी चिकटवायला बसवलं आणि मी म्हटलं, ठीक आहे. पुढे कळलं की दोन महिन्यांत त्यांनी तिथलं काम सोडलं.

मी चाळीस सुऱ्या नव्यानं केल्या, पिवळ्या पोलादाच्या, पुन्हा रंग बघून. दुसऱ्या एका मोठ्या प्लँटमध्ये पाणी देऊन घेतल्या, तोही सिन्नरलाच आहे. रिसॉर्टनं त्या ठेवून घेतल्या, नंतर आणखी मागवल्या. त्या ऑर्डरवर माझं नाव झालं. आज पुण्या-मुंबईचे आचारी मला फोन करतात. मी काही नाकारत नाही. त्या दुपारी तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि यातलं काही परत देण्याचा माझा विचारही नाही. ऐकायला वाईट वाटतंय? वाटू दे. गोड करून सांगायचं असतं तर कशाला तोंड उघडलं असतं?

नवा प्लँट उत्तम आहे. भट्ट्या कॉम्प्युटरवर चालतात. छापील कागद येतो, आच, वेळ, कडकपणा, सगळं बरोबर. खोक्यात चिठ्ठी नसते. कुठलं पातं रुसलं होतं ते कुणी सांगत नाही, आणि पोलाद कोणतं हे कुणी विचारत नाही. चलन वाचतात. मी दर खेपेला एक पातं मोडते. आता पातं कमी पडलं तर ऑर्डरमधलंच मोडते आणि गिऱ्हाइकाला एक सुरी कमी देते.

मागच्या हिवाळ्यात त्या प्लँटच्या गेटवर नवा वॉचमन दिसला. खाकी स्वेटर, कानटोपी. मी गाडीची काच खाली केली, रजिस्टर पुढे आलं, आणि भुवया नसलेला तो चेहरा वाकून आत बघत होता.

"ताई, सुऱ्या कशा चालल्यात?" पहिलं हे विचारलं.

मी म्हटलं, चांगल्या चालल्यात. तुम्ही इथे कसे? म्हणाले, भट्टीचं काम मागायला आलो हुतो. जिथं बावीस वरीस केलं तिथं यांनी इचारलं. माल खराब केल्याचं कळलं. मंग भट्टीवर न्हाय घेतलं, गेटवर घेतलं. हे सगळं ते एसटी चुकल्याचं सांगावं इतक्या सहज बोलले. आतून भट्ट्यांची घरघर येत होती. दिवसभर त्यांना तीच ऐकू येत असणार.

मी रजिस्टरवर सही केली. गाडी सुरूच होती. ते बॅरिकेडच्या दांड्यापाशी गेले, आणि परत आले. काचेवर हात ठेवला.

"एक इचारू का, ताई? राग मानू नका. त्या खेपंत मी चिठ्ठी टाकली हुती. तुमाला गावली हुती का?"

मला कळलं की हा माणूस चार वर्षं हे डोक्यात घेऊन फिरतोय. त्या दुपारी माझ्या शेडमध्ये त्यांनी हे का विचारलं नाही तेही कळलं. मालकासमोर विचारणं म्हणजे मला खोटं पाडणं झालं असतं. तेव्हा त्यांनी मला राखलं होतं. आता गेटवर कुणी नव्हतं. मालक नाही, रिसॉर्ट नाही, एमआयडीसी नाही. माझं काहीही जाणार नव्हतं. हो म्हणायला मला काही मोजावं लागणार नव्हतं.

मी म्हणाले, "नाही. कुठली चिठ्ठी?"

आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. अगदी बघता बघता. हसले. म्हणाले, "मंग पडली असंल कुठंतरी. तरी मी घरात म्हनायचो, ताई असं करायच्या न्हाईत." आणि जाऊन दांडा वर केला, मी जाईपर्यंत हातानं धरून ठेवला.

चिठ्ठी अजून त्याच खणात आहे. फाडली नाही. ती दाखवणारही नाही कुणाला. परवा माझी खेप तयार होतेय, ती आणायला सिन्नरला जायचंय. गेटवर तेच असतील. मी काच खाली करीन, ते सुऱ्यांचं विचारतील, आणि मी सांगीन, चांगल्या चालल्यात.